एका तिकिटाची येळवस

मौजमळ्यातली झुकझुक गाडी त्या दिवसांत अर्ध्या वाटेपर्यंत जायची आणि तशीच उलटी परत यायची. पुढचे रूळ उखडलेले होते. परत येताना ड्रायव्हर मान मोडेस्तोवर मागे वळून ओरडायचा, "खाली बसा की लेकराहो, दिसंना गेलंय मला!" आणि पोरांना सगळ्या गाडीपेक्षा तेच जास्त आवडायचं. भुतांच्या गुहेत रंगकाम चाललं होतं, म्हणून भुतं बाहेर काढून कॅन्टीनच्या भिंतीला उन्हात टेकवून ठेवली होती. गुहा मात्र बंद नव्हती. आत अंधारात कुणाचा ना कुणाचा पाय चुन्याच्या बादलीत पडायचा, आणि मंडळी भुतं असतानापेक्षा जास्त किंचाळत बाहेर यायची. तळ्यातलं पाणी उपसलेलं असल्यामुळे नावा कोरड्यातच उभ्या केल्या होत्या आणि दोन गडी त्या दोन्ही बाजूंनी हलवत बसायचे. त्यातल्या एकाला चक्कर यायची.

हा सगळा खटाटोप पार्क उघडं ठेवण्यासाठी होता. रेणापूरच्या अलीकडे भागवतने आपल्या वाट्याच्या रानात हे पार्क उभं केलं, त्याला बरीच वर्षं झाली होती. पाळणे गंजले, घसरगुंड्यांना भोकं पडली, तेव्हा हैदराबादच्या एका कंपनीने सगळं नवं करून द्यायचं कबूल केलं. अट एकच घातली. काम चालू असताना पार्क एक दिवसही बंद राहता कामा नये. बंद म्हणजे काय, हेही त्यांनी सांगून ठेवलं होतं. ज्या दिवशी एकही तिकीट फाटणार नाही, तो दिवस बंद. असा एक दिवस जरी निघाला, तर कंपनी आपलं सामान उचलून चालती होणार आणि भागवतकडे उरणार तो फक्त खड्डा. खड्डा लाटांच्या तलावाचा होता. रेणापूरचा आठवडी बाजार त्यात आरामात बसला असता.

भागवतच्या हाताखाली मॅनेजर होते रेणुकादास. नांदेडच्या एका शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले. फिरणाऱ्या वस्तूंपैकी त्यांचा अभ्यास फक्त पृथ्वीचा होता, पण माणूस सज्जन, म्हणून भागवतने त्यांना ठेवलं होतं. सगळे त्यांना मास्तर म्हणायचे.

एका संध्याकाळी मास्तर कॅलेंडर बघून एकदम मटकन खाली बसले.

"मालक, उद्या येळवस आहे."

भागवतच्या हातातला चहा थांबला. लातूरकडच्या माणसाला येळवस म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. मार्गशीर्षातली अमावस्या. त्या दिवशी शहरात दुकानं बंद, रस्ते ओस, आणि अख्खं लातूर कुणा ना कुणाच्या रानात ओल्या दाण्यांची नि पालेभाज्यांची दाट भज्जी खात बसलेलं. स्वतःचं शेत नसलं तरी बिघडत नाही. कुणाच्याही बांधावरून जा, "या, जेवून जा" म्हणतात, आणि तुम्ही कोण हे विचारतात ते ताट वाढून झाल्यावर. अशा दिवशी पैसे देऊन झुकझुक गाडीत बसायला कोण येणार? आजवर मौजमळा त्या दिवशी खुशाल बंद असायचा.

"एक गिऱ्हाईक, मास्तर. एकच पाहिजे," भागवत म्हणाला. "कुणी परमुलखातला चुकलेला माणूस तर येईल की."

"येईल हो, पण त्याला तिकीट कोण देणार? सगळे गडी रजा मागायलेत."

भागवतने रात्रभर विचार करावा असा हा प्रश्न होता, पण त्याने लगेच उत्तर काढलं आणि तिथेच फसला. त्याने सगळ्या गड्यांना बोलावलं आणि जाहीर केलं, "कुणी कुठं जायचं न्हाई. औंदा तुमची सगळ्यांची येळवस हितंच. हेबी रानच हाय. कडब्याची कोप हितं घालू. माय सैपाकाचं बघंल."

गडी इतक्या चटकन "हाव" म्हणाले, की शहाण्या माणसाला तिथंच शंका यायला हवी होती. एकटा आकाशपाळणा चालवणारा प्रीतम तेवढा अडून बसला.

"माझ्या बापाचं रान हाय जळकोटाला. मी न्हाई गेलो तर बाप मला भज्जीत घालंल."

त्याला सोडलं. एक माणूस गेल्याने काय होतं, असं भागवत म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच भागवतची आई केवळाबाई टेम्पोतून उतरल्या. त्यांच्यामागून सून महानंदा, आणि तिच्यामागून ताकातल्या आंबिलीच्या घागरी, भज्जीची पातेली, बाजरीच्या उंड्यांच्या टोपल्या, खिरीचं भगुणं. केवळाबाईंनी पाचही पांडव, म्हणजे चुन्यात बुडवलेले पाच दगड, स्वतःच्या ओटीत आणले होते. त्यांनी पार्कभर एक चक्कर मारली. जिकडे बघावं तिकडे सिमेंटचे ठोकळे, फरश्या आणि हिरव्या जाळ्या.

"भागवत, माती कुठाय रे?"

"ही काय, माय. ह्याच्या खाली."

"पांडव मातीत बसतेत. फरशीवर त्यांला काय मुतारीत बसवल्यासारखं बसवू?"

माती उघडी होती ती एकाच जागी, खड्ड्यात. केवळाबाई जेसीबीच्या उतारावरून पदर खोचून खाली गेल्या आणि खड्ड्याच्या मधोमध उभ्या राहिल्या. वारं लागत नव्हतं, ऊन कोवळं पडलं होतं आणि चहूबाजूंनी काळीभोर माती. त्या इतक्या खूश झाल्या, की मुलाला पहिल्यांदाच म्हणाल्या, "एवढं एक काम चांगलं केलास." गड्यांनी कडब्याच्या पेंढ्या आणून तिथे कोप उभी केली. आत पांडव बसले. पूजा झाली. आणि मग पाहुणे यायला लागले.

गोष्ट अशी होती, की येळवस म्हटल्यावर माणूस एकटा जेवत नाही. प्रत्येक गड्याने रीतीप्रमाणे आपापले सोयरे सांगितले होते, सोयऱ्यांनी शेजारी सांगितले होते, आणि शेजाऱ्यांनी लातुरातल्या ज्यांना शेत नाही अशा सगळ्यांना "पाळण्याच्या रानात या" म्हणून टाकलं होतं. दुपार चढेपर्यंत फाटकावर टेम्पो, रिक्षा, फटफट्या आणि एक लग्नाची बस उभी राहिली. बायका डोक्यावर टोपल्या घेऊन, म्हातारे काठ्या टेकत, पोरं आधीच पळत सुटलेली.

तिकीटखिडकीत मास्तर बसले होते. एवढी गर्दी बघून त्यांना भरून आलं. त्यांनी तिकिटांचं पुस्तक उघडलं आणि सगळ्यात पुढच्या माणसाला नम्रपणे विचारलं, "किती जण?"

पुढे होता गुंडप्पा, एका गड्याचा सासरा, निलंग्याकडचा. त्याच्या डोक्यावर आंबिलीची घागर होती.

"काय किती जण?"

"तिकीट हो. माणशी एक."

गुंडप्पाने घागर सावरत विचार केला. "मी तुमाला आंबील आणलाव. त्याचं तुमी मला किती देताव?"

मास्तरांना भूगोलात याचं उत्तर सापडेना. मागून कुणीतरी ओरडलं, "येळवशीला तिकीट लावायलेत म्हणं!" दुसरा म्हणाला, "आता पंगतीला बी पास लागंल!" गलका वाढला. तो ऐकून केवळाबाई खड्ड्यातून वर आल्या, गर्दी फाडत खिडकीशी गेल्या आणि खिडकीच्या कठड्यावर उंड्यांची टोपली ठेवून त्यांनी मास्तरांचं तोंडच बंद केलं.

"मास्तर, माझ्या शिवारात येळवशीला आलेल्या माणसाकडून पैका घेतला, तर ह्या टोपलीसगट तुमाला खड्ड्यात पुरीन. कळलं?"

"कळलं, मावशी."

"मग वाढा."

आणि मास्तर तिकीटखिडकीतून भज्जी वाढायला लागले. लोकांना ती सोय फार आवडली. रांग तशीच राहिली, फक्त हातातल्या नोटांच्या जागी द्रोण आले. पोटभर खाऊन माणसं झुकझुक गाडीत उलटी बसून गेली, कोरड्या नावांत लवंडून घोरली, कॅन्टीनच्या भिंतीशी उभ्या भुतांनाही कुणीतरी आंबील पाजून गेलं. मौजमळ्यात इतकी माणसं पूर्वी कधीच आली नव्हती. आणि तिकीट एकही फाटलं नव्हतं.

भागवत गर्दीत हसत फिरत होता, पण त्याची नजर सारखी न फाटलेल्या तिकिटांच्या पुस्तकाकडे जात होती. तेवढ्यात फाटकात एक पांढरी जीप येऊन थांबली. कंपनीचे तपासनीस मडिवाळप्पा.

मडिवाळप्पा बिदरकडचे. त्यांच्याकडेही हीच अमावस्या, हीच पूजा, हीच भज्जी. पण हैदराबादच्या साहेबांना ते काय माहीत? त्यांनी नेमकं आजच तपासणीला पाठवलं होतं. घरची येळवस सोडून आलेला माणूस जसा असावा तसेच ते होते. दरवाजा आपटून उतरले आणि म्हणाले, "पार्क चालू आहे का बंद?"

"बगा की सायेब!" भागवतने हात पसरले. "पाय ठेवायला जागा न्हाई!"

मडिवाळप्पांनी बघितलं. चेहरा जरा सैल झाला. "छान. तिकीट दाखवा. फाटलेलं."

भागवतने मास्तरांकडे बघितलं. मास्तरांनी भज्जीच्या पळीकडे बघितलं. पण पुढचं काही व्हायच्या आत केवळाबाईंनी तपासनिसांचं मनगट धरलं.

"आधी जेवायचं. मंग बोलायचं."

"बेडा, बेडा, नको अज्जी. ड्यूटीवर आहे."

"पांडव बी ड्यूटीवरच होते. बसा."

मडिवाळप्पांना खड्ड्यात नेलं, कोपेसमोर बसवलं. पहिल्या घासाला ते ड्यूटी विसरले. दुसऱ्याला त्यांनी डोळे मिटले. आंबिलीचा तिसरा पेला झाल्यावर ते "साकु, साकु", म्हणजे पुरे पुरे, म्हणत पुढे पेला धरत होते. सगळ्यांना वाटलं, जिंकलं. पण माणूस प्रामाणिक निघाला. हात धुऊन, ढेकर देऊन, अत्यंत दुःखाने ते म्हणाले, "भागवतराव, तुमचं मीठ खाल्लं. पण एक तरी तिकीट दाखवा. नाही तर मला 'बंद' लिहावं लागेल. मी खोटं लिहीत नाही."

"मी काढतो की! मास्तर, फाडा माझं!"

"मालकाचं चालत नाही."

"मग माझं," मास्तर म्हणाले.

"नोकराचं चालत नाही."

गुंडप्पा पुढे आला. भज्जीला जागला बिचारा. "मी काढतो. काय असंल ते घ्या."

"खबरदार!" केवळाबाई कडाडल्या. "पाव्हणा हायेस तू. ही जीभ झडंल माझी, पण पाव्हण्याचा पैका घिऊ देणार न्हाई."

झालं. मालक नको, नोकर नको, आणि उरलेले सगळे पाहुणे. एवढ्या माणसांत एक गिऱ्हाईक निघेना. भागवत मातीच्या ढिगावर बसला. या पार्कापायी त्याने भावकीची बोलणी खाल्ली होती, आणि आता त्याच भावकीसमोर उरणार होता तो हा खड्डा.

"माय, येक डाव घिऊ दे की," तो कसाबसा म्हणाला. "उद्या परत करीन त्याला."

केवळाबाईंनी मान हलवली. पण मुलाच्या तोंडाकडे त्यांच्याने बघवेना. त्या नुसत्या पातेलं ढवळत राहिल्या. तेव्हा महानंदा, जी सकाळपासून वाढून वाढून बेजार झाली होती, कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आत्याबाई, तुमी कोण?"

"कोण म्हंजी?"

"पार्क ह्यांच्या नावावर. रान ह्यांच्या नावावर. तुमी मालक न्हाई. पगार बी न्हाई, म्हंजी नोकर न्हाई. आन पाव्हणं तर न्हाईच न्हाई."

मडिवाळप्पांनी मालक, नोकर, पाहुणा असं बोटांवर मोजून बघितलं. "चालतं," ते म्हणाले. "अज्जींचं चालतं."

"आयुष्यभर राबून," केवळाबाई म्हणाल्या, "मी कोणीच न्हाई हे आज कामाला आलं म्हणायचं." त्यांनी कमरेची पिशवी सोडली, आतून एक चुरगळलेली नोट काढली आणि मास्तरांपुढे धरली. "फाडा. कशात बसायचंय?"

उरलेल्या पाळण्यांत धड असा एक आकाशपाळणाच होता. तोही केवळाबाईंना नुसता लांबून माहीत. मास्तरांनी टर्रकन तिकीट फाडलं, टाळ्या पडल्या. केवळाबाईंना पेटीत बसवलं, दांडी लावली. प्रीतम नव्हता, तेव्हा मास्तरांनी स्वतः हिरवं बटण दाबलं. पाळणा बैलगाडीच्या चालीने निघाला. केवळाबाई पदर घट्ट धरून वर गेल्या, आभाळाला लागल्या आणि हळूहळू खाली आल्या.

"थांबवा आता," भागवत म्हणाला.

मास्तरांनी लाल बटण शोधलं. लाल बटणाच्या जागी एक भोक होतं आणि त्यातून दोन तारा डोकावत होत्या. केवळाबाई समोरून पुन्हा वर निघून गेल्या.

मास्तरांनी प्रीतमला फोन लावला. तिकडून आधी घास गिळल्याचा आवाज आला.

"लाल बटण? ते बदलायला नेलंय की कंपनीनं. मी तर मागच्या खोलीतला मोठा खटका पाडतो रोज."

"खोलीला कुलूप आहे!"

"असंल की. तांब्याच्या तारा हायेत आत. किल्ली माझ्या करदोड्याला हाय."

"मग ये की लवकर!"

"निघालो, निघालो," प्रीतम म्हणाला. तो खरंच निघाला. पण येळवशीला जळकोटाहून रेणापूरला यायचं म्हणजे वाटेत सगळी रानंच रानं, आणि प्रत्येक रानातून कुणीतरी आडवं येणार. पुन्हा फोन लावला तेव्हा तो म्हणाला, "चाकूरच्या अलीकडं हाय. धरून बसवलंय. उठू देईनात." त्यानंतर फोन केला तेव्हा त्याला नीट बोलताही येत नव्हतं.

"दार तोडू," भागवत म्हणाला.

"कंपनीचं दार आहे," मडिवाळप्पा हळहळून म्हणाले. "तोडलं तर लिहावं लागेल."

इकडे केवळाबाई फिरतच होत्या, आणि त्यांचा संसारही त्यांच्याबरोबर फिरत होता. खाली आल्या की बोलायच्या, पण वाक्य पुरं व्हायच्या आत पाळणा त्यांना वर न्यायचा.

"महानंदा, आंबिलीच्या घागरीवर..." आणि गेल्या वर.

सगळे वाट बघत उभे. फेरी पुरी झाली.

"...झाकण ठिव, कुत्रं आलंय!"

तोवर कुत्रं जेवून गेलेलं होतं.

मडिवाळप्पांनी आपला कागद काढला. तिकीट फाटलं होतं, 'पार्क चालू' लिहून झालं होतं. पण खाली एक ओळ रिकामी होती. ग्राहकाचं मत. ग्राहक नाराज असेल तर काम थांबवून चौकशी, असा कंपनीचा नियम. आज ग्राहक एकच होता आणि तो फिरत होता. केवळाबाई खाली येताच त्यांनी हाताचा कर्णा करून विचारलं, "अज्जी! पार्क कसं वाटलं?"

केवळाबाई मुलाकडे बघत मोठ्याने म्हणाल्या, "जमिनीचं वाटोळं..."

आणि गेल्या वर.

भागवतचा चेहरा पांढराफटक पडला. मडिवाळप्पांचं पेन कागदावर टेकलं. "लिवू नका सायेब," भागवतने हात जोडले. "येऊ द्या तिला खाली. पुरं बोलू द्या."

"आणखी काय बोलायचं राहिलंय यात?" मडिवाळप्पा म्हणाले, पण थांबले. त्यांच्याही पोटात त्या माउलीची भज्जी होती.

खाली सगळी मंडळी गोळा झाली. पाळणा वर टेकला तेव्हा केवळाबाई लांब कुठेतरी बघत होत्या. भागवतला वाटलं, ही फेरी काही संपत नाही. आयुष्यभर आईने तोंडावर हेच ऐकवलं होतं. आता ते कंपनीच्या कागदावर चढणार. अखेर पेटी खाली आली.

"...केलास, असं मी म्हणत आले इतकी वर्सं..."

गेल्या वर. मडिवाळप्पांनी 'वाटोळं'मधला 'वा' लिहिला आणि पेन उचललं. भागवतने डोळे मिटून घेतले. कुणीतरी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, तो गुंडप्पाचा होता आणि भज्जीने माखलेला होता.

पेटी पुन्हा खाली आली. केवळाबाईंचा पदर वाऱ्याने डोक्यावरून मागे पडला होता आणि त्यांनी तो सावरलाही नव्हता.

"...पर वरून लई साजरं दिसतंय रे, बाळा! आपलं रान, ज्वारी, नदी, समदं! मला वाटलं न्हवतं!"

भागवत ढसाढसा रडायला लागला. इतक्या वर्षांत आईने त्याला बाळा म्हटलं नव्हतं. मास्तरही रडले, त्यांना कारण लागत नसे. मडिवाळप्पांनी 'वा'च्या पुढे 'हवा' घालून टाकलं, आणि अशा रीतीने खोटं न लिहिता 'वाहवा' झालं. मग त्यांनी खाली सही ठोकली.

ऊन उतरायला लागलं तेव्हा प्रीतम आला. त्याला फटफटीवरून दोघांनी धरून उतरवलं, कारण त्याच्याने वाकवत नव्हतं. किल्ली करदोड्यातून सोडवायलाही माणूस लागला. दार उघडलं, खटका पडला, पाळणा कुरकुरत थांबला. केवळाबाई नेमक्या सगळ्यात वर होत्या.

सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. भागवत डोळे पुसत ओरडला, "माय, भिऊ नगो! आता हळूच खाली घेतो तुला!"

वरून केवळाबाई दांडीवर हात आपटत ओरडल्या, "थांबवलं कोण रे ते? फुकट बसले न्हाई मी! तिकीट काढून बसलेय!"